चला, अमीरपेटला!

हैदराबाद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? चारमिनार, लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्या, मोत्यांचे सर आणि परतताना पिशवीत उस्मानिया बिस्किटांचा पुडा. बरोबर ना? पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला त्याच शहराच्या अशा एका भागात नेणार आहे, जिथं बघण्यासारखं म्हणावं असं फारसं काही नाही. तरीही गावोगावची मुलं-मुली बॅगा घेऊन तिथं उतरत असतात. त्या भागाचं नाव अमीरपेट. तिथं विद्येचा बाजार भरतो, आणि विद्याही एकच : संगणकाला कामाला लावण्याची.

मी तिथं गेले ती सहलीला नव्हे. आमचं घर सोलापूरचं. चिरंजीव टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतात. कारखाना आठवड्यातून तीन-चारच दिवस चालायला लागला, तसा पगारही आक्रसला. धाकट्या सूनबाई बी.एस्सी. आहेत, पण लग्न, बाळंतपण यांत पुस्तकं माळ्यावर गेली ती गेलीच. नात पाच वर्षांची झाली आणि एक दिवस सूनबाई म्हणाल्या, "आई, मला तीन महिने द्या. मी प्रोग्रॅमिंग शिकून येते."

तीन महिने! लेकीला मागे ठेवून, परक्या गावी, आणि तेही मोहनमाळेसाठी साठवलेले पैसे मोडून! घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. शेवटी मी म्हटलं, "मी बरोबर येते. आठ दिवस राहते, गाव बघते, वर्ग बघते. मग काय ते ठरवू."

वाट आणि मुक्काम

सोलापूर ते हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद, पटणचेरू करत बस मियापूरवरून शहरात शिरते. मियापूरला उतरून मेट्रो धरली की थेट अमीरपेट. ही मेट्रो नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. तांबडा मार्ग मियापूरहून एल. बी. नगरला जातो, निळा नागोलहून रायदुर्गला, आणि दोघांची गाठ अमीरपेटला पडते. निळ्या मार्गावर पुढं हायटेक सिटी लागते. तिथला सायबर टॉवर्स १९९८ साली उभा राहिला आणि मग भोवती कंपन्यांचं जंगल वाढलं. म्हणजे शिकायचं अमीरपेटला आणि नोकरी शोधायची हायटेक सिटीत, असा सगळा हिशेब!

मुक्कामासाठी अमीरपेट आणि शेजारच्या एस. आर. नगरमध्ये लेडीज हॉस्टेलं पुष्कळ. खोलीत तीन-चार खाटा, प्रत्येकीला एक लोखंडी कपाट, दोन वेळचं जेवण. आम्ही पाच ठिकाणी चढलो-उतरलो. मी प्रत्येक ठिकाणी आधी मोरी पाहिली, मग दाराची कडी, मग स्वयंपाकघर. जिथं बाई स्वतः पोळीपाशी उभी होती, ते पसंत केलं. मलाही दिवसाच्या दरानं एक खाट मिळाली.

पाट्यांचं गाव

स्टेशनातून खाली उतरलात की मैत्रीवनमची इमारत आणि तिच्या अंगाला आदित्य एन्क्लेव्ह. बायांनो, भिंत म्हणून दिसत नाही! वरपासून खालपर्यंत पाट्याच पाट्या : जावा, पायथॉन, टेस्टिंग, फुल स्टॅक, डेटा सायन्स. इमारतींना नीलगिरी, अन्नपूर्णा अशी शांत नावं, आणि जिन्यात पाऊल ठेवायला जागा नाही. पोरं हातात जाहिरातीचे कागद कोंबतात. खाली झेरॉक्सच्या दुकानांत वर्गातल्या टिपणांचे गठ्ठे पोथ्यांसारखे रचलेले.

हा बाजार वाढला १९९० नंतरच्या दशकात. जुन्या संगणकांत जागा वाचवायला सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. ९९ नंतर ०० आले की यंत्राला ते २००० वाटणार की १९००? बँका, विमा कंपन्या साऱ्यांनाच धास्ती. ती दुरुस्ती करायला अमेरिकेला माणसं हवी होती, आणि अमीरपेटनं ती काही आठवड्यांत तयार करून द्यायला सुरुवात केली. तिकडे अशा वर्गांना 'बूट कॅम्प' म्हणतात. फौजेत नव्या रंगरुटाला थोड्या दिवसांत तयार करतात, त्या छावणीवरून आलेलं हे नाव. सॅन फ्रान्सिस्कोत डेव्ह बूटकॅम्प नावाची शाळा २०१२ साली निघाली, खूप गाजली आणि २०१७ साली बंदही पडली. अमीरपेट मात्र त्याआधीपासून आहे. २०२० च्या करोनात वर्ग ओस पडले, शिकवणं पडद्यावर गेलं. आता बऱ्याच ठिकाणी दोन्ही सोयी असतात.

शिकतात तरी काय?

मी सूनबाईंबरोबर फुकटच्या पहिल्या तासाला बसले. इथं याला 'डेमो' म्हणतात, आणि कुणीही बसावं. सकाळी सातची वेळ, खच्चून भरलेला हॉल, सरांच्या गळ्यात माइक. इंग्रजी, मधूनच तेलुगू. आमच्या सोलापुरात तेलुगू विणकरांची वस्ती मोठी, त्यामुळं कानाला ओळख होती.

आणि खरं सांगू? मला वाटलं होतं तितकं ते परकं नव्हतं. विणकामाचा नमुना आठवा : 'दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत.' हे झालं संगणकाचं 'लूप'. 'पाक एकतारी झाला असेल तर उतरवा, नाहीतर आणखी उकळा' ही झाली 'अट'. फरक एवढाच, की आपण सुनेला 'अंदाजानं मीठ घाल' म्हटलं तर तिला कळतं. यंत्राला कळत नाही. त्याला किती, केव्हा, कशात, सगळं सांगावं लागतं.

आमच्या सोलापुरी चादरीवरचा मोर जॅकार्डवर उमटतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणायची ही युक्ती फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला आली. पुढं तसेच पुठ्ठे आपल्या गणितयंत्रात घालायचं बॅबेज या इंग्रज गृहस्थांनी योजलं, आणि त्या यंत्रासाठी गणिताची पायरी न् पायरी १८४३ साली छापून प्रसिद्ध केली ती एडा लव्हलेस या बाईंनी. १९४६ साली लोकांसमोर आलेल्या अमेरिकेच्या एनिॲक संगणकाला कामाला लावणाऱ्याही सहा बायकाच! तेव्हा 'हे बायकांचं काम नव्हे' असं कुणी म्हणालं, तर एवढं जरूर ऐकवा.

चौथी रात्र

डेमोनंतर सूनबाईंनी तिथंच नाव घातलं. पण चौथ्या रात्री त्या खाटेवर बसून रडल्या. दिवसभर एक प्रोग्रॅम चालत नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या करीमनगरच्या मुलीनं वाकून पाहिलं आणि एका ओळीच्या शेवटी राहिलेलं अर्धविरामाचं चिन्ह दाखवलं. तेवढ्याशा टिंबासाठी सात तास! त्यात घरून फोन आला. नात विचारत होती, "आई, उद्या येणार ना?"

"परत जाऊ या," सूनबाई म्हणाल्या. मला समजावता येईना. एवढंच म्हटलं, "शनिवारपर्यंत आहेच मी. तोवर रोज जा. शनिवारी तू म्हणशील ते." शनिवारी त्यांनी एकच तिकीट काढलं, माझं.

करी पॉइंट आणि यल्लम्मा

नुसत्या विद्येनं पोट भरत नाही. सकाळी टिफिन सेंटरवर पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, आत उपमा भरून. संध्याकाळी मिरची भजी आणि पुणुगुलू. आणि 'करी पॉइंट' तर आपल्याकडेही हवेतच! भाजी, आमटी, सांबार पिशवीत बांधून मिळतं. घरी फक्त भात लावायचा. गोंगुरा म्हणून जे मिळतं ती आपली अंबाडीच, जरा तिखट हाताची.

चालत जाण्याजोगं बलकंपेटच्या यल्लम्मेचं देऊळ आहे. देवीची मूर्ती जमिनीच्या पातळीखाली, विहिरीत. तिथलं पाणी तीर्थ म्हणून देतात. आषाढात देवीचा कल्याणोत्सव होतो. यल्लम्मा म्हणजे आपली रेणुका. माहूरची आई इथं आधीच येऊन बसलेली पाहून मला फार धीर आला.

जायचं असेल तर

आधी घरी महिनाभर फुकट शिकून पाहा. फ्री कोड कॅम्प, सरकारचं स्वयम्, हार्वर्डचा सीएस फिफ्टी हा वर्ग, सगळे इंटरनेटवर विनामूल्य शिकता येतात. रोज दीड तास बसवत असेल तरच पैसे घाला.

पुण्याच्या सी-डॅकचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही विचारात घ्या. प्रवेशपरीक्षा असते, पदवीची अट असते. ती आधी वाचा.

फी एकदम भरू नका. एका ठिकाणी आम्हांला "आजच भरलीत तर निम्मी" म्हणून बसवूनच ठेवलं होतं. आम्ही पाणी पिऊन उठलो. 'नोकरीची शंभर टक्के हमी' ऐकलीत की ती कागदावर मागा. नाही मिळाली तर जिना उतरा. आणि न केलेल्या नोकरीचा खोटा अनुभव अर्जात लिहू नका. पुढं कंपन्या चौकशी करतात आणि मिळालेली नोकरीही जाते.

वर्ग दोन तासांचा असला तरी सराव सहा-सात तासांचा धरा. संगणक स्वतःचा हवा, जुना चालेल.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं : तीन महिने शिकण्याचे, पण नोकरी शोधण्याचे आणखी सहा धरूनच पैशांची तजवीज करा. अलीकडे यंत्रच बराचसा प्रोग्रॅम लिहून देतं, त्यामुळं नवख्यांना घेताना कंपन्या हात आखडतात. लिहिता येणं पुरत नाही. यंत्रानं लिहिलेलं चुकलं कुठं, ते ओळखता यायला हवं. डाळ-तांदूळ निवडलेल्या डोळ्यांना ते जड जाऊ नये!

सूनबाईंचं पुढं काय झालं, ते विचारालच. त्या खोलीतल्या चौघींपैकी एकीला महिन्याभरात नोकरी लागली, एक मधूनच गावी परतली, करीमनगरची अजून प्रयत्नात आहे. सूनबाईंनी घरी येऊन साठ-सत्तर अर्ज केले. तीन ठिकाणी बोलावणं, दोन ठिकाणी नकार. पाचव्या महिन्यात पुण्याच्या एका लहान कंपनीत टेस्टिंगचं काम मिळालं. बरंचसं घरूनच असतं. पगार फार नाही, पण महिन्याच्या महिन्याला येतो. मोहनमाळ अजून झालेली नाही. नातीला मात्र 'आईला मीटिंग आहे' म्हटलं की आवाज न करता खेळायचं, हे आता समजतं, आणि दुपारच्या चहाचं आधण मी ठेवते.