विंध्यगिरीचा पायथा

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात श्रवणबेळगोळ येथे चंद्रगिरी आणि विंध्यगिरी या दोन टेकड्या समोरासमोर उभ्या आहेत. मध्ये कल्याणी सरोवर. विंध्यगिरीच्या माथ्यावर गंग राजांचे मंत्री चामुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविलेली भगवान बाहुबलींची सुमारे ५७ फूट उंच मूर्ती आहे. तिच्या चरणांजवळ मराठीतील आद्य शिलालेखांपैकी एक कोरलेला असल्याने महाराष्ट्रातील यात्रेकरूला हे स्थान दुहेरी जिव्हाळ्याचे वाटते. मात्र त्या अक्षरांपर्यंत पोहोचण्यासाठी खडकातील सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढाव्या लागतात.

ज्यांचे पाय साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी डोली आहे. डोलीवाहकांच्या खांद्यांनी अनेक वृद्धांना व दिव्यांगांना दर्शन घडविले आहे. त्या श्रमांचे मोल मोठे आहे. तरी केव्हा निघावे, कोठे थांबावे, मूर्तीसमोर किती वेळ बसावे, हे डोलीतील माणसाच्या एकट्याच्या हाती राहत नाही.

अनुकंपा ही जैन घराची जुनी शिकवण. जे अनुकंपेने मिळत होते ते हक्काने मिळावे, असे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सांगतो. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली. त्यातील ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेत लोकांच्या वापरातील खासगी वास्तूही येतात. धार्मिक आणि व्यापारी वास्तूंचाही त्यात स्पष्ट समावेश आहे. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नव्या इमारतीला बांधकाम परवानगी देता येत नाही. कायद्याच्या पहिल्या भंगास दहा हजार रुपयांपर्यंत, त्यानंतरच्या भंगास ५० हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक राहू शकत नाहीत, असे ठरवून तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

हजार वर्षांचा खडक फोडून वाट काढावी, असे कोणालाही रुचणार नाही. पण तीर्थक्षेत्र केवळ माथ्यावर नसते. पायथ्याशी धर्मशाळा, भोजनशाळा, कार्यालये आणि दुकाने असतात. त्यांच्या पायऱ्या अलीकडच्या, सिमेंटच्या असतात. तेथील हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला सहज समजेल. उतरणीचे प्रमाण एकास बारा. १५ सेंटीमीटरच्या एका पायरीसाठी १.८ मीटर, तर तीन पायऱ्यांसाठी ५.४ मीटर लांबीची उतरण लागते. सोबत कठडा, चाकाची खुर्ची आत वळेल असे स्वच्छतागृह, अंधांसाठी ब्रेल फलक, कर्णबधिरांसाठी लेखी सूचना.

तीर्थक्षेत्रांतील पायऱ्यांवर दात्यांची नावे कोरण्याची प्रथा जुनी आहे. तेच नाव उतरणीवर कोरण्यास कोणत्याही कायद्याची हरकत नाही.