आधी मजकूर वाचूया, मग चुका



आज तुम्हाला माझीच एक चूक सांगायची आहे.

तिसरीच्या वर्गाला 'माझा आवडता प्राणी' हा निबंध दिला होता. एका मुलाने लिहिलं, "आमची म्हस परवा व्याली. आज्जी रातभर गोठ्यात बसली. रेडकू उभं ऱ्हायना." मी लाल पेनने 'म्हस', 'रातभर', 'ऱ्हायना' यांना गोल केले आणि खाली 'शुद्धलेखन सुधारा' असा शेरा दिला. पुढच्या निबंधात त्याने गाईडमधली गाय जशीच्या तशी उतरवली. एकही चूक नाही! मी दहापैकी दहा गुण दिले. वर्षभर तो तसंच लिहीत राहिला आणि मी खूश.

त्या सुट्टीत आनंद यादवांची 'झोंबी' पुन्हा वाचली. आपल्या कोल्हापूरजवळच्या कागलचा हा मुलगा. शेतीच्या कामासाठी वडिलांनी शाळा सोडायला लावली, तरी झगडून तो परत वर्गात येऊन बसला. तिथे सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन शिकवायचे. त्यांनी स्वतःच्या दारातल्या वेलीवर कविता केलेली पाहून या पोराला वाटलं, कवी आपल्यासारखाच माणूस असतो. मग तो गुरं राखताना दगडावर, अगदी म्हशीच्या पाठीवरसुद्धा काठीने ओळी लिहू लागला. पुढे त्यांनी 'गोतावळा' ही कादंबरी ग्रामीण बोलीतच लिहिली, आणि 'झोंबी'ला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

म्हशीची पाठ वाचली आणि मला माझे लाल गोल आठवले.

चौथीचा वर्ग माझ्याकडेच होता. पहिल्याच आठवड्यात त्याला जवळ बोलावून विचारलं, "ते रेडकू जगलं का रे?"

तो खाली बघून म्हणाला, "न्हाई बाई."

"मग आज्जी काय म्हणाली?"

दुसऱ्या दिवशी त्याने दोन पानं लिहून आणली. चुका भरपूर होत्या. मी त्यातल्या दोनच दाखवल्या, आणि शेरा म्हणून एक प्रश्न लिहिला. पुढचा निबंध त्या प्रश्नाचं उत्तर होता. वर्षभर आम्ही एवढंच केलं.

पाचवीत गेल्यावर मधल्या सुट्टीत तो वही दाखवायला आला. निवेदनात त्याने 'म्हैस' लिहिलं होतं आणि आज्जीच्या तोंडी 'म्हस'. मी विचारलं, "असं का?" तर म्हणाला, "बाई, आज्जी तसंच बोलती की!"

प्रमाणभाषा कुठे आणि बोली कुठे, हे त्याचं त्यालाच उमगलं होतं. माझ्या गोलांनी ते कधीच शिकवलं नसतं.

शुद्धलेखन शिकवायचंच आहे, त्यात दुमत नाही. पण आधी पोराला काय सांगायचंय ते वाचूया, एक प्रश्न विचारूया आणि मग चुकांकडे वळूया. पालकांनो, जुन्या वह्या रद्दीत घालू नका. मूल लिहायला कसं शिकलं, हे त्या वह्याच सांगतात.

तुमच्या वर्गातही असं एखादं रेडकू राहून गेलंय का? एकदा विचारून बघा.