सोळात एक!

लाल सापाची करड्या सापाशी जोडी लावली, तर नातवंडांत पांढरा साप निघू शकतो. जादू नाही हो, निव्वळ गणित!

मंडळी, दचकू नका. साप पाळा असं मी सांगत नाहीये. पण या शनिवारी वाचत बसलो होतो ते सगळं सापांबद्दलच. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. अंगावर नारिंगी-लाल ठिपके आणि त्यांना काळी किनार. १९५३ साली नॉर्थ कॅरोलिनात काळा रंगच नसलेला एक नर सापडला. पुढे डॉ. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञाने त्याचा वंश वाढवला आणि १९६२ मध्ये दाखवून दिलं, की हा गुण रिसेसिव्ह आहे, म्हणजे शाळेच्या भाषेत अप्रभावी. आईबाबा दोघांकडूनही बिघडलेली कॉपी आली तरच तो दिसतो. हा झाला 'अमेल'. दुसरा एक रिसेसिव्ह जनुक लाल रंग घालवतो, तो करडा साप म्हणजे 'अनेरी'. दोन्ही बिघाड एकाच सापात आले की काळाही गेला आणि लालही. उरतो गुलाबीसर पांढरा 'स्नो'.

आता गंमत बघा. अमेल आणि अनेरीची जोडी लावली तर पिल्लं सगळी साधी, जंगलातल्यासारखी! नवखा माणूस कपाळावर हात मारेल. पण प्रत्येक पिल्लू दोन्ही जनुकं लपवून बसलेलं असतं, त्याला म्हणतात 'डबल हेट'. दोन-तीन वर्षांनी ती वयात आली की त्यांची आपसात जोडी लावायची. मग येतं मेंडेलच्या वाटाण्यांचं ९:३:३:१. नऊ साधी, तीन अमेल, तीन अनेरी आणि एक स्नो.

म्हणजे सोळा अंड्यांत एक स्नो नक्की? छे! प्रत्येक अंडं म्हणजे नवा फासा. सोळांत एकही स्नो न निघण्याची शक्यता तब्बल ३६ टक्के. तीन वर्षं उंदीर भरवा आणि हाती भोपळा!

आणि ती नऊ साधी पिल्लं? सरासरीने त्यातली चार दोन्ही जनुकं बाळगतात, चार एकच, आणि एक अगदी कोरं. दिसायला नऊही सारखी. विकणारा 'हेट आहे' म्हणतो तेव्हा आपण पैसे मोजतो ते त्याच्या वहीतल्या नोंदींचे. आता कातेच्या तुकड्यावरून काही जनुकांची डीएनए चाचणी होते, पण डोळ्यांना मात्र आजही काही कळत नाही.

२०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी अमेलचा बिघाड ओसीए२ या जनुकात शोधला. माणसातही याच जनुकाच्या बिघाडाने एक प्रकारचा अल्बिनिझम होतो. म्हणजे आपण आणि साप, हिशेब एकच.

मला यात इतका रस का? कारण मी स्वतः 'हेट' आहे! थॅलेसेमिया मायनर. तब्येत ठणठणीत, बाहेरून काही दिसत नाही. लग्न ठरताना पत्रिका जुळली, बैठक झाली, आणि मी हळूच म्हणालो, मुलीची एक रक्ततपासणी करूया. घरात एकदम शांतता. आत्या म्हणाली, "अरे, पोरगी चांगली धडधाकट दिसते की!"

दिसते ना, तोच तर मुद्दा आहे. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक, आणि मेजर म्हणजे सहसा जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं. 'ती'ने मात्र लगेच होकार दिला, वर मलाच विचारलं, "आधी का नाही बोललास?" रिपोर्ट नॉर्मल आला. आला नसता तर काय, हे आम्ही दोघांनी त्या चार दिवसांत बोलून ठेवलं होतं. काय ठरलं होतं, ते आमच्यातच राहू दे.

सापाचं हुकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अंडी येतात. आपलं तसं नसतं. बायोडेटात रक्तगट लिहितोच आपण. त्याखाली आणखी एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?