जुनी ब्लूप्रिंट

परवा मुलीने आपल्या कारखान्यातील संगणक मला दाखवला. पडद्यावर एक व्हॉल्व्ह फिरत होता. तिने एका भोकाचे माप बदलले. लगेच तिचे नाव आणि तारीख उमटली. कारण लिहिल्याखेरीज यंत्र पुढे जाऊ देईना. नवे ड्रॉइंग मंजूर झाले की जुने बाद, आणि खरेदी खात्यापासून लेथपर्यंत सर्वांपुढे नवेच!

मी गप्प झालो. १९७४ च्या सुमारास मी ड्राफ्ट्समन होतो. एकदा १२.५ मिलिमीटरचे भोक १२ वर आणले, ट्रेसिंग सुधारले, पण शॉपमधली जुनी ब्लूप्रिंट परत घ्यायची राहिली. ४० नग भंगारात गेले. ठपका टर्नरवर आला. मी तोंड उघडले नाही.

"असा संगणक तेव्हा असता तर!" मी म्हणालो.

मुलगी हसली. म्हणाली, "बाबा, एअरबसच्या ए-३८० विमानाचे काय झाले? हँबुर्ग आणि तुलूझ येथे कॅटिया या एकाच प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. जोडणीच्या वेळी तारा तोकड्या पडल्या. २००६ साली गाडे अडले. विमाने सुमारे दोन वर्षे लांबली. यंत्रे होती, पण एकमेकांशी नीट बोलली नाहीत."

यंत्रांना वाचा नसते, हे समजू शकते. मला तर होती!

तो टर्नर आता हयात नाही. त्याच्या मुलाला पत्र लिहायला बसलो आहे. तारीख घातली, नावही घातले. कारण लिहिताना मात्र हात अडखळतो.