आम्ही हरणे पाहायला जातो

मी मराठीचा अधिव्याख्याता आहे आणि गेली वीस वर्षे वर्गात हरणे पोसत आलो आहे. नायिका आली की ती हरिणाक्षी असते. तिला हवे ते मिळाले नाही की ते मृगजळ ठरते. आणि राजाला दुसरे काही काम नसले की तो मृगयेला निघतो. ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, हे मी मुलांकडून घोकून घेतो, आणि मग कालिदासाच्या मूळ नाटकातल्या त्या जिवाच्या आकांताने धावणाऱ्या हरणावर दहा मिनिटे बोलतो. मुले टिपून घेतात. माझा मलाच घसा दाटल्यासारखा वाटतो.

एवढे असूनही पिंजऱ्याबाहेरचे हरीण मी जन्मात पाहिलेले नव्हते. ही गोष्ट मी इतकी वर्षे बेमालूम लपवून ठेवली होती. ती उघडकीस आणली आमच्या थोरलीने. ती आठवीत आहे आणि त्या वयाला साजेसे, म्हणजे बापाला अडचणीत आणणारे प्रश्न विचारते.

“बाबा, हरणाचे डोळे खरंच इतके सुंदर असतात?”

“अर्थात!”

“तुम्ही पाहिलेत?”

मी चष्मा पुसू लागलो. आमच्या सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातून मोठ्याने हसून घेतले आणि नाताळच्या सुटीत रेहेकुरीला जायचे ठरले.

रेहेकुरी हे पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, कर्जतजवळचे लहानसे गाव. तिथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाट झाडी, डरकाळ्या आणि उघडी जीप उभी राहते. हे सारे मिळून अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. तिथे वाघ नाही हे कळताच धाकट्याने सहलीतून अंग काढून घेतले. “हरणं तर कात्रजला पण आहेत,” असा बिनतोड मुद्दा त्याने मांडला. शेवटी पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीवर तडजोड झाली.

खरे नवल घडले ते निराळेच. माझे वडील, अण्णा, कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचीत बसले होते. महाबळेश्वर म्हणा, कोकण म्हणा, त्यांचे उत्तर ठरलेले असते, “तुम्ही जाऊन या.” त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, “मीपण येतो.”

अण्णा मूळचे त्याच मुलुखातले. १९७२च्या दुष्काळानंतर गाव सोडून पुण्याला आले, कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. जमीन पुढे विकली गेली. गावाविषयी ते फारसे बोलत नाहीत, आणि आम्हीही कधी खोदून विचारलेले नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना आपण त्यांच्या गोळ्यांच्या वेळा तेवढ्या विचारतो.

पहाटे साडेतीनला निघालो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर धुके साचले होते. तिथून राशीनची वाट धरली, देवीला गाडीतूनच हात जोडले आणि कर्जत मागे टाकेपर्यंत चांगले उजाडले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. अण्णा काच खाली करून एकटक बाहेर पाहत होते. थंडी वाजते अशी तक्रार धाकट्याने केली, पण काच काही वर गेली नाही.

अभयारण्याच्या दारात वनरक्षकाने आमच्याकडे एकवार पाहिले. सौभाग्यवतीची शाल लालभडक होती, माझा सदरा पांढराशुभ्र होता आणि धाकट्याच्या हातात शिट्टी होती. शिट्टी जप्त झाली, शाल पिशवीत गेली, आणि मला बाभळीच्या आडोशाने चालायची आज्ञा झाली. पुढचा तासभर आम्ही वाळके गवत, बाभळी आणि पुन्हा वाळके गवत पाहिले. वनरक्षक भला माणूस होता. जमिनीवर एकाच जागी पडलेल्या लेंड्यांचा ढीग दाखवून तो म्हणाला, “ही नराची हद्द. इथवर माझं, असं सांगतो तो.” कुंपणाच्या भिंतीवरून दोन वर्षे शेजाऱ्याशी भांडणाऱ्या मला ते लगेच पटले.

त्याने आणखी एक धडा दिला. चितळ-सांबरांची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात; काळविटाची पिळाची शिंगे मात्र जन्मभर टिकतात. म्हणून शास्त्राच्या हिशेबात काळवीट हे हरीण नव्हेच, तो कुरंग. मृग, हरीण, कुरंग हे समानार्थी शब्द म्हणून मी किती मुलांना गुण दिले असतील, याचा हिशेब मी मनातच सोडून दिला.

“परत जाऊ या का?” सौभाग्यवती म्हणाली.

“थांबा,” अण्णा म्हणाले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांनी कपाळावर हात धरला आणि हनुवटीने दिशा दाखवली. “त्या उंचवट्याच्या पल्याड. वारा इकडून जातोय, त्यांना आपला वास लागलाय.”

आणि खरोखरच उंचवट्यावर आधी कान दिसले, मग माना. बदामी रंगाच्या, बिनशिंगांच्या वीस-पंचवीस माद्या आणि त्यांच्या मागून तो नर. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरे, डोळ्यांभोवती पांढरी कडी. क्षणभर सारा कळप आमच्याकडे पाहत उभा राहिला. मग एका मादीने चारी पाय एकदम उचलून उंच उडी घेतली, तिच्यामागे दुसरीने, तिसरीने, आणि बघता बघता माळ मोकळा झाला.

एवढ्या धावेचे काय काम, असे थोरलीने विचारले. एके काळी आपल्याकडे चित्ता होता, वनरक्षक सांगू लागला. कोल्हापूरच्या संस्थानात तर पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. आफ्रिकेतले चित्ते २०२२ साली आणून सोडले ते मध्य प्रदेशात, कुनोला. या माळावर लांडगा अजून आहे, पण चित्ता नाही. धाव मात्र तशीच राहिली आहे.

मी सहज अण्णांकडे पाहिले. त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर गेला होता आणि मनगट हळूहळू गोल फिरत होते. त्यांचे त्यांनाच ते ठाऊक नसावे.

“आजोबा, हे काय करताय?”

हात झटकन खाली आला. “गोफण,” ते जरा ओशाळून म्हणाले. मग बाभळीखाली बसून त्यांनी जे सांगितले, ते मला नव्हे, नातीला सांगितले.

“ज्वारी गुडघाभर झाली की रात्री हरणं पडायची. सकाळी बघावं तर शेंडे गायब. मी मचाणावर राखणीला असायचो. गोफण फिरवायची, आरडायचं. दगड हरणाला मारायचा नसतो, पुढं टाकायचा असतो. दुष्काळाच्या आधी दोनएक वर्षं असतील, चांदणं होतं, झोपेत होतो. उठलो नि रागानं दगड सोडला. एका हरणीच्या पायाला बसला. लंगडत गेली. मागं पाडस होतं.”

“मग?”

“मग काय! आईला सांगितलं. ती म्हणाली, ज्वारी किती खाल्ली?”

थोरली गप्प झाली. अण्णा गवताची काडी मोडीत राहिले.

“बहात्तर साली तर पेरलेलं उगवलंच नाही. राखायला काय नव्हतं. दिवसा खडी फोडायची, सुकडी खायची. पण रात्री मी मचाणावर जाऊन बसायचो.”

“कशाला?”

“हरणं येतात का बघायला,” अण्णा म्हणाले. “नाही आली.”

कोणी काही बोलले नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला तो त्याच १९७२ साली, हे मला तेव्हा आठवले. रिकाम्या शेताच्या मचाणावर जागणारा तो विशीतला मुलगा मला दिसेना. मला दिसत होते ते बस चुकेल म्हणून डबा घेऊन धावणारे अण्णा.

थोरलीने त्यांचा हात धरला. “आजोबा, आज आली ना ती?”

अण्णा एकदम हसले. “ती कसली येतेय! तिची खापरपणतवंडं असतील. पण ठीक आहे.”

पुऱ्यांचा डबा उघडल्यावर सगळ्यांना कंठ फुटला.

परतताना रस्त्याकडेच्या टपरीवर चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर एक शेतकरी बसला होता. कुठून आलात, कशाला आलात, अशी चौकशी झाल्यावर तो म्हणाला, “तुम्ही बघायला येता, आम्ही त्यांच्यापायी रात्र रात्र जागतो. भरपाई मिळती, पन कागदं किती!” मी अपराधी चेहरा केला. अण्णांनी मात्र बाक त्याच्याजवळ सरकवला. कोणत्या अंगाने पडतात, किती वाजता येतात, बुजगावण्याला भितात का, अशी अर्धा तास त्यांची बैठक रंगली. निघताना अण्णा म्हणाले, “दगड मारू नका. नुसतं आरडा.”

“आता मारून चालतंय व्हय? कायदा हाय,” तो हसला.

“कायद्याचं नाही म्हणत मी,” अण्णा म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. या खेपेला त्यांनी काच वर केली, आणि भिगवण येईपर्यंत त्यांना झोप लागली.

सुटी संपल्यावर वर्गात पुन्हा ‘शाकुंतल’ निघाले. बाण जोडलेला राजा, पुढे धावणारे हरीण आणि ‘हे आश्रमातले आहे, मारू नकोस’ म्हणून आडवा येणारा तपस्वी. वीस वर्षे माझे सारे लक्ष हरणाकडे असायचे. या वेळी मी त्या तपस्व्यापाशी अडखळलो. अण्णांच्या शेतावर त्या रात्री असे कोणी आडवे आले नव्हते. आणि आले असते, तर माझ्या आजीने त्यालाच विचारले असते, “मग बाबा, पोरांना काय घालू?”

दहा मिनिटांचे व्याख्यान तीन मिनिटांत संपले. मुले लेखणी उचलून वाट पाहत होती. “लिहून घेण्यासारखे काही नाही,” मी म्हणालो, आणि पुढचे पान उलटले.