बिलावरचे गाव आणि पलीकडचे बेट

आम्हा व्यापाऱ्यांच्या घरांत ‘न्हावा शेवा’ हे नाव केवळ कागदावर भेटते. माल तेथे पोहोचला, कंटेनर तेथे अडकला, एवढाच त्याच्याशी संबंध. न्हावा आणि शेवा ही मुळात आगरी-कोळ्यांची दोन गावे, हे पंचवीस वर्षे निर्यात करूनही माझ्या मनात कधी आले नव्हते. बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. त्यापूर्वी, जानेवारी 1984 मध्ये, जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई परिसरात पाच जण गोळीबारात मृत्युमुखी पडले.

गेल्या पौषात आम्ही घरचे सात जण न्हाव्याहून होडीने समोरच्या घारापुरीला पायी हिंडण्यासाठी गेलो. बहुतेक प्रवासी मुंबईहून लाँचने येतात, पायऱ्या चढून लेणी पाहतात आणि परततात. राजबंदर व मोराबंदर या वस्त्या सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. या बेटावर कायमची वीज 2018 मध्ये आली, समुद्रतळातून टाकलेल्या साडेसात किलोमीटर केबलने. तोवर बंदराचे दिवे समोर जवळजवळ तीस वर्षे लखलखत होते.

आमच्या पिशव्यांत नेहमीप्रमाणे खाकरा, सुकी भाजी आणि घरचे गाळलेले पाणी होते. आहाराचा नियम पाळायचा तर हे ओघानेच आले. पण वाटेत लक्षात आले, की अशा प्रवासात आपला एक रुपयाही त्या गावात राहत नाही. राहतो तो कचरा. म्हणून मोराबंदरच्या रानवाटेसाठी तेथलाच एक तरुण सोबत घेतला. त्याने सांगितलेली मजुरी ऐकून माझ्या तोंडून सवयीने घासाघीस सुरू झाली. सौभाग्यवतींनी डोळ्यांनीच थांबवले, हे नमूद केलेले बरे.

तोफांच्या टेकडीवर माझ्या आईने माकडांपुढे केळी धरली. जीवदयाच ती! त्या तरुणाने नम्रपणे हात आडवा केला. “आजी, तुमी देता आनि जाता. उद्या हाच माकड आमच्या पोरांच्या हातातला ओढतो, मग दगड खातो.” आई क्षणभर अवघडली. मग तिने केळी परत पिशवीत घातली. साधू-साध्वी विहारात चार हात पुढची भूमी निरखून पाऊल टाकतात, त्या ईर्यासमितीची आठवण तिनेच पुढे उतारावर काढली, आणि वाळक्या पानांवर पाय जपून ठेवू लागली.

उतरल्यावर शेतबंदरात एका बाईंकडून सात शहाळी घेतली. खाकऱ्याची रिकामी पाकिटे आम्ही पनवेलपर्यंत परत आणली. त्या तरुणाचा क्रमांक आता माझ्या वहीत आहे, कस्टम एजंटाच्या क्रमांकाखाली. चैत्रापूर्वी येणार असाल तर मागून घ्या. उन्हाळ्यात ती वाट आजींना झेपायची नाही. सोमवारी लेणी बंद असतात.