कंसातला सा

आमच्या घरातली पेटी दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बंद पडली. पेटीला काही झालं नव्हतं. झालं होतं ते आईच्या डाव्या हाताला. अर्धांगाचा हलका झटका, आठ दिवस हॉस्पिटल, मग घरी व्यायाम. उजवा हात पूर्वीसारखाच राहिला, पण डाव्याने भाता ओढला जाईना. पट्टी दाबायची आणि आवाज नाही, असं तिने दोनदा करून पाहिलं आणि पेटीवर खोळ चढवून टाकली.

म्हणून मी इलेक्ट्रिक पियानो आणला. ८८ पट्ट्या, भात्याचं काम नाही. चरोद्यातल्या आमच्या गल्लीत तो टेम्पोतून उतरला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, फ्रिज आला. आईने उजव्या हाताने एक सरगम वाजवून पाहिली आणि म्हणाली, "याला श्वास नाही ना. बोट ठेवलं की सूर मरायलाच लागते." खरंच होतं ते. भाता चालू आहे तोवर पेटीचा सूर टिकतो. पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून विरत जातो. तिने तो नाकारला. पैसे तर गेले होते. मग मीच शिकायला बसले, वयाच्या ४४व्या वर्षी, आठवड्यातून एकदा व्हिडिओवर, पुण्यातल्या एका शिक्षिकेकडे.

वर्षभराने, जरा घाईनेच, शोपँचं नॉक्टर्न हातात घेतलं. ओपस ९ मधलं दुसरं, १८३२ साली छापलेलं. पियानो शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण कधीतरी याच्या वाटेला जातो, त्यामुळे निवडीत काही थोर नव्हतं. काळी दोनचा सा धरला तर पहिली ओळ मंद्र पंचमावरून गंधारावर झेप घेते आणि ग रे ग रे सा करत खाली येते. भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "दादरा आहे की हा." मोजलं तर एका मापात बारा, तीन-तीनचे चार गट. दादराच, दोन आवर्तनं.

ती ओळ परत परत येते आणि दर खेपेला जास्त नटून येते. अडचण तिथे सुरू झाली. स्वरलिपीत मुख्य सुरांच्या अंगाखांद्यावर बारीक छापलेले सूर असतात, ट्रिलच्या नागमोडी रेघा असतात. मी आधी मुख्य सूर बसवायची आणि मग त्यांवर हे दागिने चढवायला जायची. दर वेळी ओळ मोडायची. शिक्षिकेने पाश्चात्त्य संगीतातल्या अलंकारांच्या खुणांचा एक तक्ता पाठवला. त्यात आडव्या पडलेल्या इंग्रजी एससारखी एक खूण होती: वरचा सूर, मूळ सूर, खालचा सूर, पुन्हा मूळ सूर. मी आईला तो वाचून दाखवला. ती उठली आणि कपाटातून भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकाचा एक सुटा झालेला भाग घेऊन आली. लग्नाआधी तिने खैरागढच्या विद्यापीठाच्या गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, तेव्हापासूनचा. तिने कंसातल्या सा वर बोट ठेवलं. भातखंडे पद्धतीत कंसातला सा म्हणजे रे सा नि सा. सूर न सूर तेच.

मी तौलनिक साहित्यात एम.ए. केलं आहे, त्यामुळे साम्य दिसलं की माझ्या मनात आपोआप निबंध सुरू होतो. आईचा होत नाही. ती म्हणाली, "मग तू सा वाजवून वर रे-नि काहून चिकटवून राहिली? कंसात आहे म्हणजे तो सा-च तसा आहे."

नंतर वाचलं की शोपँने आपल्या विद्यार्थिनींच्या प्रतींमध्ये पेन्सिलीने रेघा ओढून ठेवल्या आहेत. जेन स्टर्लिंग आणि कामिय द्युबुआ यांच्या प्रती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. काही ठिकाणी रेघ त्या बारीक सुरापासून निघून थेट डाव्या हाताच्या खर्जापर्यंत जाते. म्हणजे हा सूर मात्रेच्या आधी उरकून टाकायचा नाही, मात्रेवरच घ्यायचा. आपल्याकडचा कणसुद्धा असाच, मूळ सुराला आतून चिकटलेला.

हे साम्य योगायोगाचं नसावं, असं मला वाटतं. पियानोवर मींड येत नाही आणि पेटीवरही येत नाही. पट्टी दाबली की ठरलेला सूर, मधली जागा नाही. या कारणासाठीच आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी घातली होती. आणि वाजवणाऱ्याला तर गळाच हवा असतो. शोपँ इटालियन ऑपेराच्या गायकीवर जीव टाकायचा, विद्यार्थ्यांना गायक ऐकायला पाठवायचा. गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंत आपले पेटीवादकही गायकीमागेच गेले. जिथे सूर वाकवता येत नाही तिथे कण, खटका, मुरकी यांनी तो वाकल्याचा भास करायचा.

आता बोटांचं. स्वरलिपीत सुरांवर कुठलं बोट ते आकड्यांत लिहिलेलं असतं: अंगठा १, करंगळी ५. माझ्या बोटांवर आईची पेटी होती. ती पेटी स्वतःच शिकलेली, तीन बोटांची. काळ्या पट्टीवरून शेजारच्या पांढरीवर येताना ती बोट बदलत नाही, तेच बोट घसरवते. तिची मींड ती. माझंही बोट तसंच घसरायचं. शिक्षिकेला दिसू नये म्हणून तासाला मी कॅमेरा जरा तिरका ठेवायची.

हे लपवणं मला नवीन नाही. आमच्या घरात 'वाजवून राहिली' म्हणतात. अनुवाद छापायला पाठवताना मी ते 'वाजवते आहे' करते. वीस वर्षं करते आहे आणि कुणी करायला सांगितलेलं नाही.

मग शोपँचा शिष्य कारोल मिकुली याची एक आठवण वाचनात आली. १८७९ साली त्याने गुरूच्या रचनांची आवृत्ती काढली होती. तो सांगतो की शोपँ लागोपाठच्या दोन सुरांवर बऱ्याचदा एकच बोट वापरायचा, आणि तेही फक्त काळीवरून पांढरीवर घसरतानाच नव्हे. शिवाय शोपँ सरगम शिकवायला सुरुवात करायचा ती भरपूर काळ्या पट्ट्या असलेल्या बी मेजरपासून, कारण लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर सहज बसतात. सगळी पांढरी सरगम त्याच्या मते सर्वांत अवघड. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग?"

पुढच्या तासाला मी कॅमेरा सरळ केला. शिक्षिकेला त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढे महिने मी कुणाला घाबरत होते कोण जाणे.

एका संध्याकाळी आई स्टुलावर माझ्या उजवीकडे येऊन बसली. ओळ तिला ऐकून ऐकून पाठ झाली होती. उजवा हात तिचा, डावा माझा, असं ठरवावं न लागता ठरलं. डाव्या हाताचं काम सोपं आहे: एक खर्ज, दोन स्वरसंघ, पुन्हा तेच. डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा लयीत राहिला पाहिजे, उजवा मोकळा, असं शोपँ सांगायचा. मला ते पाठ होतं. पण आई तिच्या तीन बोटांनी पुढे निघाली, छापलेल्या अलंकाराच्या जागी तिने स्वतःची मुरकी घेतली, ती लांबली, आणि मी थांबले. पुढच्या ओळीला पुन्हा थांबले. दोन वर्षं मी हेच करत आले होते. जिन्यावर थांबायचं, घास होईपर्यंत थांबायचं, शब्द सुचेपर्यंत थांबायचं.

तिने वाजवणं बंद केलं. "थांबून काहून राहिली? तू वाजव. मी येते समेवर."

मुरकीची चूक मी काढली नाही. याच नॉक्टर्नसाठी शोपँने वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या प्रतींत वेगवेगळे अलंकार लिहून दिले आहेत. मूळ कुठलं म्हणायचं, हा प्रश्न अनुवादकाने घरी तरी विचारू नये. मी लय धरली. यार्डात शंटिंग चाललं होतं, डबे एकमेकांवर आदळत होते, त्यांची लय वेगळीच. आई मुरकीत मागे पडली, दोन सूर गाळले आणि समेवर आली.

शेवटाजवळ एक जागा आहे. तिथे ताल नाही, तसं लिहिलेलंच आहे. उजव्या हातात चार सुरांचा एक भोवरा फिरत राहतो आणि डाव्याला काही काम नाही. माझी पाच बोटंही तिथे अजून अडखळतात. आईने तो भोवरा सावकाश, सरगम म्हटल्यासारखा घेतला. माझा डावा हात मोकळा झाला आणि नकळत पुढेमागे हलू लागला, पेटीचा भाता ओढल्यासारखा.

आईने तो पाहिला. बोटं न थांबवता म्हणाली, "ओढ, ओढ."